पट्टीचं दुसरं टोक

तिला सगळे मावशी म्हणायचे. दुखणाईत माणसाच्या उशाशी बसून सेवा करणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? ज्या घरात जाईल तिथल्या म्हाताऱ्याची ती मावशी, त्याच्या मुलाची मावशी, सुनेची मावशी, दारात दूध टाकणाऱ्याचीसुद्धा मावशी. एवढा मोठा गोतावळा, आणि काम संपल्यावर रस्त्यात कुणी ओळख दाखवेल तर शपथ!

काम म्हणाल तर साधं. माणसाला उठवायचं, बसवायचं, पुसून काढायचं, कुशीवर वळवायचं, गोळी घशाखाली उतरली की गालात लपवली ते बघायचं आणि तो चिडला की मुकाट ऐकून घ्यायचं. दिवसरात्र त्याच खोलीत मुक्काम. आता तुम्हीच सांगा, चोवीस तास डोळे उघडे ठेवून कोण बसेल? या कामातल्या सगळ्याच बायका मिळेल तेव्हा पाठ टेकतात. काहीजणी तर खुशाल घोरतात आणि म्हातारं बिचारं हाका मारून दमतं. मावशीच्या जिवाला ते सोसायचं नाही. म्हणून तिने स्वतःपुरती एक युक्ती काढली होती.

जुन्या सुती चादरीची चार बोटं रुंद पट्टी. एक टोक दुखणाइताच्या मनगटाला, अगदी सैल, आत दोन बोटं फिरली पाहिजेत इतकं. दुसरं टोक तिच्या स्वतःच्या मनगटाला. पलंगाशेजारी खाली सतरंजी टाकून ती आडवी व्हायची. वर हात हलला की खाली ओढ बसायची आणि मावशी टुणकन उभी. "ही आपली घंटी बरं का," ती प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायची, "लाजायचं नाही, ओढायची." ही युक्ती ती कुणाकडून शिकली नव्हती. तिची लेक लहानपणी तापाने फणफणायची, नवरा तर केव्हाच गेलेला, दिवसभर लोकांकडे राबून अंगाचं लाकूड झालेलं. तेव्हा लेकीचा हात आपल्या हाताशी बांधून ती झोपायची. पुढे तेच कामावर नेलं.

बागेवाल्या घरातल्या आजींना ही घंटी फार आवडायची. आजींना झटका आला होता. वाचा गेली होती, एक बाजू लुळी पडली होती, चालत होता तो फक्त डावा हात. तोंडातून साधा हुंकारसुद्धा नीट निघायचा नाही. म्हणजे ती पट्टी हीच त्यांची जीभ म्हणा ना. एकदा ओढली की पाणी. दोनदा ओढली की कूस बदल. आणि तीनदा ओढली की काहीच नाही, नुसता चावटपणा! मावशी धडपडत उठून बघायची तर आजी अर्ध्या ओठाने हसताहेत. "अहो, झोपू द्या की मेलीला जरा!" मावशी कृतककोपाने म्हणायची आणि पुन्हा आडवी व्हायची. की लगेच चौथी ओढ.

आजींचा मुलगा लांबच्या शहरात असायचा. पुस्तकं लिहायचा, पण तेव्हा त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. अधूनमधून यायचा, आईच्या कपाळावर हात ठेवायचा, डोळे पुसायचा, निघून जायचा. वाईट नव्हता हो. पण पाहुण्यासारखा यायचा, आणि पाहुण्याला घर कसं चालतं ते काय कळणार?

त्या दिवशी तो असाच भरदुपारी आला. आदल्या रात्रभर आजींच्या छातीत कफ घुरघुरत होता आणि मावशीने त्यांना आपल्या खांद्यावर रेलून बसवून रात्र काढली होती. दुपारी दोघींचा डोळा लागला. पोरगा खोलीत शिरला आणि बघतो तर काय, आईच्या मनगटाला फडकं बांधलेलं! तळपायाची आग मस्तकात गेली त्याची. औषधांच्या ट्रेमधली कात्री उचलली आणि कचकन पट्टी कापली. कापताना ओढ बसली म्हणूनच तर मावशी जागी झाली.

"माझी आई काय जनावर आहे बांधून ठेवायला?"

"दादा, तसं नाहीये ते, ही आमची—"

"एक शब्द बोलू नका. पुन्हा बांधलेली दिसली तर त्याच पावली घरी जायचं." मग आईकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "पडा तुम्ही. मी बसलोय आईजवळ."

तो खुर्ची ओढून बसला. मावशी जरा वेळ भिंतीला टेकून होती. मुलगा आईपाशी बसलाय म्हटल्यावर आपण कशाला जागं राहायचं, असं तिला वाटलं आणि रात्रभराच्या जागरणाने डाव साधला. डोळे उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती. खिडकीतून बागेतला आवाज येत होता, तो फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होता. आजींची मान उशीवरून घसरली होती आणि ओठ निळे पडले होते. डावा हात पलंगाखाली लोंबत होता आणि मुठीत पट्टीचं कापलेलं टोक होतं. किती वेळा ओढली असेल, देव जाणे.

मुलाने हंबरडा फोडला. मावशीची पिशवी संध्याकाळच्या आत दाराबाहेर आली. "ती झोपली होती," एवढंच तो सगळ्यांना सांगत राहिला, आणि झोपली होती हे तर खरंच होतं. मग मावशी काय बोलणार? तिला तोंडच उरलं नाही. शिवाय एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही हा तिचा जन्माचा नियम. लेकीलासुद्धा तिने एवढंच सांगितलं, "आजी गेल्या. तिथलं काम सुटलं."

वर्षं गेली. लेक मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात लागली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे बसून वाचायची. वाचलेलं सगळं घरी येऊन आईला सांगायचं ही तिची खोड. मावशीलाही ते आवडायचं. भांडी घासताना गोष्ट ऐकायला मिळाली तर कुणाला नको?

एकदा अशीच ती एक कादंबरी सांगत होती. गाजलेली, घराघरात पोचलेली. एक म्हातारी आई असते, तिला सांभाळायला एक बाई ठेवलेली असते. बाईला पुस्तकात नावच नाही, सगळे तिला घोरपड म्हणतात. ही घोरपड आपल्याला झोपता यावं म्हणून म्हातारीला पलंगाच्या दांडीला बांधून ठेवते. म्हातारी टाहो फोडते. मुलगा येतो, बंधन कापतो, आईला मोकळं करतो आणि आई त्याच्या मांडीवर प्राण सोडते.

"मी तर दुकानातच रडले," लेक म्हणाली. "असल्या बायकांना ना आई, भर चौकात फटके दिले पाहिजेत."

मावशीच्या हातातली बशी तशीच राहिली. "कोण लिहितो हा?" तिने विचारलं. लेकीने पुस्तकाच्या मागचा फोटो दाखवला. केस पिकले होते, दाढी आली होती, पण तोच.

त्या रात्री मावशी जेवली नाही. पोट बिघडलंय म्हणाली. दुसरं काय सांगणार पोटच्या पोरीला? घोरपड मीच म्हणून?

पुढे तो लेखक गावोगावी कार्यक्रम करत फिरायला लागला. नुसतं वाचन नाही बरं का, अख्खं नाटक! दिवे, धूर, व्हायोलिन, दोन नट्या आणि मधे उंच स्टुलावर बसून स्वतः लेखकराव वाचणार. मायलेकींच्या शहरात तो येणार म्हटल्यावर लेक हरखून गेली. मैत्रीण ऐन वेळी गळाली, तिकीट वाया जायला नको म्हणून तिने आपलं सहज आईला विचारलं.

"येते मी," मावशी म्हणाली.

लेक बघतच राहिली. जन्मात कधी थिएटरची पायरी न चढलेली बाई! पण मावशीने मनाशी ठरवलं होतं. भांडायचं नाही, रडायचं नाही. त्याला एकदा समोरासमोर सांगायचं, की बाबा रे, पट्टीचं दुसरं टोक पलंगाला नव्हतं, माझ्या हाताला होतं. त्याला ठाऊक नसेल. कळलं तर त्यालाही बरं वाटेल, आपली आई बांधलेली नव्हती म्हणून. आणि लेकीच्या कानावरही जाईल. एवढं एक झालं की डोळे मिटायला मोकळी. भाबडी ती भाबडीच, काय करणार!

रविवारी दुपारी थिएटरच्या दारात ही गर्दी. पोस्टरवर एक सुरकुतलेलं मनगट आणि त्याला करकचून आवळलेलं फडकं. आत जाताना काळे कपडे घातलेल्या मुली प्रत्येकाच्या मनगटाला एकेक पांढरी कापडी पट्टी बांधत होत्या. तिकिटाची खूण पण तीच आणि कार्यक्रमाचा भागही तोच, असं त्या हसून सांगत होत्या. मावशीने हात पुढे केला. मुलीने गाठ मारली तशी मावशीने सवयीने आत दोन बोटं सरकवून बघितली.

"घट्ट झाली गं. सैल बांधावी, रक्त अडतं."

"आजी, ते तसंच अपेक्षित आहे," मुलगी म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

आत अंधार झाला. स्टेजवर लोखंडी पलंग आला, त्यावर पांढऱ्या केसांची नटी, आणि मग पोटाला उशी बांधलेली दुसरी नटी डुलत डुलत आत आली. तिने जांभई दिली, लोक हसले. तिने म्हातारीचा हात दांडीला खेचून बांधला, लोक चुकचुकले. लेखक वाचत होता. आवाज असा की दगडालाही पाझर फुटावा. व्हायोलिन रडत होतं. पलंगावरची नटी ओरडायला लागली, "कुणी आहे का? पाणी द्या कुणीतरी!"

"त्यांना बोलताच येत नव्हतं," मावशी पुटपुटली.

"शू, आई!" लेक म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग लेखक स्टुलावरून उतरला. कात्री घेऊन पलंगापाशी गेला. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. "ज्यांना ज्यांना या आईला मोकळं करायचंय," तो म्हणाला, "त्यांनी माझ्याबरोबर आपल्या हातावरची पट्टी तोडायची!" कचकन आवाज झाला, दिवे लख्ख पेटले आणि हजारभर हातांनी पट्ट्या ओरबाडून हवेत भिरकावल्या. लोक उभे राहून ओरडत होते. मावशीने शेजारी बघितलं. लेकीने आपली पट्टी दातांनी तोडली आणि जोरात वर फेकली.

ती पट्टी वळत वळत खाली आली आणि मावशीच्याच मांडीवर पडली.

शेवटी प्रश्नोत्तरं होती. माइक घेऊन एक मुलगी रांगांमधून फिरत होती. कुणी विचारलं, लिहायला कधी बसता. कुणी विचारलं, सिनेमा कधी निघणार. मावशीने हात वर केला तेव्हा लेकीला वाटलं, हिला बाथरूमला जायचंय. पण माइक हातात आला आणि मावशी उभी राहिली. संपूर्ण कार्यक्रमात पट्टी न तोडलेला तो एकच हात असावा.

"ती पट्टी पलंगाला नव्हती," ती म्हणाली. आवाज भिंतींवरून परत आला तशी ती दचकली, पण थांबली नाही. "एक टोक आजींच्या हाताला आणि दुसरं माझ्या हाताला होतं. आजींना बोलता येत नव्हतं. ओढलं की मी उठायचे. तेवढ्यासाठी होती ती. मला एवढंच सांगायचंय."

लेखकाने चष्मा काढला. त्याने तिला ओळखलं, हे मावशीला एवढ्या लांबूनही कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता. क्षणभर वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. आणि बोललाच. त्याने दोन्ही हात तिच्या दिशेने पसरले आणि म्हणाला, "मित्रहो, टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. घोरपडीचं भूत प्रेक्षकांत बसवलेलं! पुढच्या रांगेतले माना वळवून बघत होते. मागच्या कुणीतरी शिट्टी मारली. मावशी उभीच होती. माइकवाल्या मुलीने तिच्या बोटांतून माइक हळूच सोडवून घेतला.

बाहेर तर कहरच. एक बाई मावशीचा हात धरून म्हणाली, "अगदी खरं वाटलं हो! कुठल्या संस्थेत काम करता?" एका जोडप्याने तिला मधे घेऊन फोटो काढला. लेक मात्र खांबाला धरून उभी होती. तोंडावर कुणी थप्पड मारावी तसा चेहरा झाला होता तिचा. तापातली ती पट्टी तिला आठवली नसेल असं कसं होईल?

"चल," लेक म्हणाली. आईच्या दंडाला धरून ती थेट लेखक सह्या करत बसला होता त्या टेबलापाशी गेली. रांगेतले ओरडले, पण पट्टीवाली बाई बघून बाजूला झाले.

लेखकाने वर बघितलं. जवळून तो दमलेला, म्हातारा दिसत होता. मावशीने वाकून हळूच विचारलं, कारण अजूनही तिला त्याची अब्रू चारचौघांत घालवायची नव्हती.

"दादा, त्या दिवशी पट्टी कापलीत तेव्हा दुसरं टोक माझ्या हाताला दिसलं नव्हतं ना तुम्हाला?"

त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"दिसलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"पुस्तकात ते बसत नव्हतं."

ठाऊक नसेल त्याला, हा एकच आधार धरून मावशी आली होती आणि तोही गेला. लेकीने आपली प्रत टेबलावर ठेवली, सहीसाठी नव्हे, नुसती ठेवली, आणि आईला घेऊन बाहेर पडली.

बसमध्ये खिडकीशी दोघी बसल्या. लेक म्हणाली, "आई, मीपण तोडली गं पट्टी."

"बघितलं मी."

"मला माहीत नव्हतं."

"तुला कुठून माहीत असणार? मीच नाही सांगितलं."

बस सिग्नलला थांबली. लेक आईच्या मनगटावरच्या गाठीकडे बघत होती. तिने विचारू नये तेच विचारलं. "त्याने कापल्यावर पुन्हा का नाही बांधलीस?"

इतकी वर्षं मावशी याच प्रश्नाला भीत होती. तो त्या लेखकाने विचारला नाही, लोकांनी विचारला नाही, विचारला तो पोटच्या पोरीने.

"भ्याले," मावशी म्हणाली. "काम जाईल म्हणून भ्याले. आणि तो बसलाय म्हणाला, त्याच्यावर विसंबले. आजी ओढत राहिल्या असतील गं. मी असेन पलीकडे, असं धरून ओढत राहिल्या असतील." आणि मग भर बसमध्ये ती हमसून हमसून रडली. लेकीने पट्टीचं लोंबतं टोक आपल्या मुठीत गच्च धरलं आणि घर येईपर्यंत सोडलं नाही.

थोड्याच दिवसांत मावशीला नवं काम लागलं. हातपाय कापणारे एक आजोबा, बोलणं पुटपुटल्यासारखं, कान देऊन ऐकलं तरच कळणारं. सून चांगली होती, हसतमुख. तिने खोली दाखवली, गोळ्या समजावून दिल्या, चहा दिला. मावशीने पिशवीतून धुतलेली, घडी घातलेली पट्टी काढली तशी सुनेच्या कपाला धक्का लागून चहा बशीत सांडला.

"हे नाही हं, मावशी. हे असलं आमच्याकडे अजिबात चालायचं नाही."

"अहो ताई, ही बांधायला नाही, ही माझ्या हाताला—"

"आम्ही तो कार्यक्रम बघून आलोय ना! अंगावर काटा येतो अजून. आम्ही बाल्कनीत होतो, चेहरा नाही दिसला, पण शेवटी एक म्हातारी बाई प्रेक्षकांतून उठून बोलली, काय काम केलं हो तिने! तीसुद्धा अगदी हेच सांगत होती. मी तर ढसाढसा रडले." सुनेने मावशीच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "तुम्ही तशा नाही, कळतं मला. पण नकोच ते."

"बरं," मावशी म्हणाली.

सून ऑफिसला गेली. दार लागल्याचा आवाज आला. आजोबांनी कापऱ्या बोटांनी चादरीवर काहीतरी चाचपलं आणि हात तसाच पडून राहिला. त्यांना झोप लागत होती. मावशीने पट्टी पिशवीच्या तळाशी सारली, सतरंजी न उलगडता कोपऱ्यात उभी करून ठेवली, स्टूल पलंगाला भिडवलं आणि त्या हातावर नजर लावून ताठ बसली. नव्या कामाच्या विचाराने आदली रात्र जागून काढली होती, डोळे चुरचुरत होते. बाहेर ऊन होतं आणि दुपार अजून सगळीच्या सगळी पुढे होती.